मुरुमातला जंतू कोणत्या वाणाचा? प्रयोगशाळेतली पायरीपायरीची वाट

दोन वर्षांपूर्वी पिंपळगाव बसवंतचा एक विद्यार्थी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी माझ्याकडे आला. हातात एका खासगी लॅबचा रिपोर्ट: ‘क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस आढळला.’ चेहरा असा, की जणू चोर पकडला! मी विचारलं, “तुमच्याकडे शेतात काय आहे?” म्हणाला, “द्राक्षं.” “कोणती?” लगेच सुरू झाला: दीड एकर थॉमसन, बाकी सोनाका, माणिक चमन चुलत्यांकडे. म्हटलं, “बघ, नुसतं ‘द्राक्षं’ म्हणून तुझं स्वतःचं समाधान होत नाही. छाटणी, फवारणी, बाजार सगळं वाणावर ठरतं. सोनाका आणि माणिक चमन तर थॉमसनमधूनच निवडून काढलेले. मग या रिपोर्टवर तू समाधानी कसा?”

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस सापडला, ही बातमीच नाही. तुमच्या, माझ्या, कॉलेज रोडवरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर, नाकावर, पाठीवर तो आहे. तेलग्रंथींच्या छिद्रात त्याचं बिऱ्हाडच असतं. लॉस एंजेलिसच्या गटाने २०१३ मध्ये १०१ जणांच्या नाकावरची छिद्रं तपासली, तेव्हा मुरुमवाल्यांत आणि स्वच्छ त्वचेच्या लोकांत या जंतूचं एकूण प्रमाण सारखंच निघालं. वेगळी होती ती आतली वाणं. म्हणून खरं काम प्रजातीच्या नावानंतर सुरू होतं.

मराठीत ‘स्ट्रेन’ला मी वाण म्हणते. लॅबमध्ये सगळे स्ट्रेनच म्हणतात, त्यामुळे दोन्ही शब्द येतील.

आधी वंशावळ, थोडक्यात

जुन्या पुस्तकांत हा जंतू प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणून भेटेल. २०१६ मध्ये त्वचेवरच्या प्रजाती वेगळ्या काढून त्यांना क्युटिबॅक्टेरियम हे नवं कूळ दिलं गेलं. त्याच्या पेशीच्या भिंतीतल्या साखरेवरून टाइप १ आणि टाइप २ असे दोन गट १९७२ मध्येच पाडले होते (टाइप १ मध्ये गॅलॅक्टोज असतं, टाइप २ मध्ये नसतं). टाइप ३ खूप नंतर आला. आज टाइप १ चेही तुकडे झाले आहेत: आयए१, आयए२, आयबी, आयसी. म्हणजे एकूण सहा घराणी. टाइप १ ला उपप्रजाती अ‍ॅक्नेस, टाइप २ ला डिफेंडेन्स आणि टाइप ३ ला इलाँगॅटम म्हणतात. शोधनिबंधांत हे आकडे रोमन लिपीत असतात, लॅबमध्ये ‘टाइप टू’, ‘वन ए वन’ असं बोललं जातं.

मुरुमांशी सर्वांत जास्त जोडलं गेलेलं घराणं आयए१. आयबी आणि टाइप २ हाडात, सांध्यात, विशेषतः खांद्याच्या कृत्रिम सांध्याभोवती सापडल्याच्या नोंदी भरपूर आहेत. टाइप ३ पाठीवर राहतो आणि तरुणांच्या पाठीपोटावर फिकट डाग पडणाऱ्या प्रोग्रेसिव्ह मॅक्युलर हायपोमेलॅनोसिस या विकाराशी त्याचं नातं दिसतं.

पायरी शून्य: प्रश्न आणि परवानगी

‘नाशिकच्या मुलांच्या मुरुमातले स्ट्रेन शोधणे’ हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. प्रश्न असा हवा: एकाच माणसाच्या गालावरच्या मुरुमात आणि त्याच माणसाच्या स्वच्छ कपाळावर घराण्यांचं प्रमाण वेगळं आहे का? असा प्रश्न धरला की नमुने किती, कुठून, तुलना कशाशी, हे आपोआप ठरत जातं.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी स्वॅबला हात लावण्यापूर्वी घ्या. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. मुरुमांचे बरेच रुग्ण अठरा वर्षांखालचे असतात, तिथे पालकांची संमती तर हवीच, पण मुलाचा होकारही हवा. संमतिपत्र मराठीत लिहा. ‘आपल्या त्वचेतील सूक्ष्मजीवसमुदायाचे जनुकीय वर्गीकरण’ असलं नको. ‘तुमच्या नाकावरच्या काळ्या दाण्यातला मळ काढून त्यातला जंतू आम्ही वाढवणार, त्याचा प्रकार बघणार, तुमच्या औषधात यामुळे काही बदल होणार नाही’ असं लिहिलं की आईसुद्धा सही करण्याआधी पूर्ण वाचते.

पायरी १: नमुना

सगळं भांडवल इथे आहे. इथे चुकलात तर पुढे लाखाची मशीन लावून चुकीचंच उत्तर अचूक मिळतं.

पहिला प्रश्न रुग्णाला: काय लावता? “काही नाही” हे उत्तर मी आता मान्य करत नाही. “घरात तोंडाला लावायची जी जी ट्यूब आहे ती घेऊन या” असं सांगते. मग पिशवीतून क्लिंडामायसिनचं जेल निघतं, मेडिकलवाल्याने दिलेलं तीन-चार औषधांचं मिश्रण निघतं, बहिणीचं गोरं होण्याचं क्रीम निघतं, ज्यात स्टेरॉइड असतं. गोळ्या वेगळ्याच. याची नोंद नसेल तर तुमचा निकाल जंतूबद्दल आहे की औषधाबद्दल, हे कोणालाच सांगता येणार नाही. याचं एक बोलकं उदाहरण आहे. मुरुमांत जास्त सापडलेल्या आरटी४ आणि आरटी५ या रायबोटाइपांची (म्हणजे १६एस या सगळ्या जंतूंत असणाऱ्या जनुकावरून पाडलेल्या प्रकारांची) ओळखच मुळी त्या जनुकातल्या १०५८ व्या जागेच्या बदलावर आहे आणि तोच बदल टेट्रासायक्लिनला दाद देत नाही. म्हणजे ओळखपत्र आणि ढाल एकच!

दुसरी गोष्ट जागेची. स्वॅब सोपा असतो: ०.१ टक्का ट्वीन घातलेल्या सलाइनमध्ये भिजवून ठरावीक चौकोनावर ठरावीक वेळ घासायचा. पण स्वॅब वरवरचं उचलतो. तिथे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या त्वचेवरच्या दुसऱ्या जंतूची गर्दी असते. छिद्रात काय आहे ते हवं असेल तर दोन उपाय आहेत. एक, कोमेडोन एक्स्ट्रॅक्टर: जागा पुसून, काळा दाणा दाबून, निघालेलं लोण्यासारखं बारीक वेटोळं निर्जंतुक सुईने ट्यूबमध्ये घ्यायचं. दोन, सायनोअ‍ॅक्रिलेट: काचपट्टीवर या गोंदाचा एक थेंब, ती त्वचेवर दाबून साधारण मिनिटभराने हळूच उचलायची. छिद्रांचे साचे काट्यांसारखे पट्टीवर उभे राहतात. हे काम त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताखालीच करायचं, वसतिगृहातल्या मित्रावर नाही.

लहानशी दिसणारी पण निकाल फिरवणारी बाब म्हणजे छिद्रं वेगवेगळी ठेवायची की एकत्र करायची. २०२२ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या कामात दिसलं की एका छिद्रात बहुतेक वेळा एकाच वंशाचं राज्य असतं. शेजारच्या छिद्रात दुसऱ्याचं. चेहरा म्हणजे एक मळा नव्हे, कुंड्यांची रांग आहे. दहा छिद्रं एका ट्यूबमध्ये टाकलीत तर गावाची सरासरी मिळेल, घराघरांतलं काही कळणार नाही. प्रश्नानुसार ठरवा, पण ठरवून करा.

प्रत्येक तुकडीत एक कोरा स्वॅब, त्वचेला न लावता, तसाच पुढे न्या. हा जंतू आपल्या बोटांवरून, कपाळावरून सगळीकडे पडतो. कोऱ्या स्वॅबवर तोच उगवला तर दोष रुग्णाच्या त्वचेत नाही, तुमच्या हातमोज्यांत आहे.

पायरी २: वाढवणं

या जंतूला प्राणवायू आवडत नाही, पण प्राणवायूने तो लगेच मरतही नाही. त्यामुळे आडगावहून गंगापूर रोडपर्यंत नमुना आणताना घाम फुटायचं कारण नाही. ट्रान्सपोर्ट माध्यमात ठेवा, काही तासांत प्लेटवर घ्या.

माध्यम म्हणून रीइन्फोर्स्ड क्लोस्ट्रिडियल अगार, ब्रेन हार्ट इन्फ्युजन अगार किंवा हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेला ब्लड अगार, यांपैकी काहीही चालतं. फ्युराझोलिडोन घातलं तर स्टॅफिलोकॉकस दबतो. ३७ अंश, प्राणवायूविरहित, किमान सात दिवस. सांध्याचा किंवा शस्त्रक्रियेतला नमुना असेल तर चौदा दिवस थांबा. तीन दिवसांनी ‘नो ग्रोथ’ लिहून प्लेट फेकायची सवय इथे घातक आहे.

जारची गोष्ट सांगते. एका दिवाळीच्या सुटीआधी आम्ही बावीस प्लेटा जारमध्ये लावल्या, गॅसपॅक टाकला, झाकण आवळलं आणि सगळे घरी गेलो. परत येऊन बघतो तर प्लेटांवर पांढऱ्या, फुगीर, टपोऱ्या कॉलन्या. विद्यार्थी खूश. मी आत ठेवलेली मिथिलीन ब्लूची पट्टी बघितली: निळीशार. म्हणजे प्राणवायू आत होता. झाकणाच्या रबरी रिंगला केसाएवढी चीर होती. बावीसही प्लेटांवर स्टॅफिलोकॉकसने दिवाळी साजरी केली होती. तेव्हापासून नियम असा: जार लावल्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन पट्टी बिनरंगी झाली का ते बघायचंच, पाडवा असो की भाऊबीज. रिंगला व्हॅक्युम ग्रीसचा हात आणि जारवर लावल्याची तारीख.

वीज गेली की इन्क्युबेटरचं तापमान उतरतं, हेही वहीत लिहा. मे महिन्यात आमच्याकडे उलटंच होतं: खोलीच तापते.

पायरी ३: कॉलनी उचलणं

सातव्या दिवशी दिसतात त्या एक-दोन मिलिमीटरच्या, गोल, चकचकीत, आधी पांढरट आणि मग पिवळसर-गुलाबीकडे झुकणाऱ्या कॉलन्या. विद्यार्थ्याचा हात सर्वांत मोठ्या, सर्वांत देखण्या कॉलनीकडे जातो. तो धरायचा. मोठी कॉलनी म्हणजे जोमाने वाढणारी, प्रातिनिधिक नव्हे. प्लेटच्या मागे मार्करने रेघ ओढा आणि त्या रेघेवर येतील त्या कॉलन्या उचला, देखण्या असोत वा किरट्या.

किती? एका छिद्राच्या प्लेटवरून मी तीन-चार घेते, एकत्र केलेल्या नमुन्यातून दहा तरी. एकच कॉलनी घेऊन ‘या रुग्णात आयए१ आहे’ असं लिहिणं म्हणजे लासलगावच्या लिलावात एक कांदा बघून ट्रॅक्टरचा भाव ठरवणं.

प्रत्येक कॉलनी निदान दोनदा पुन्हा रेघाटून शुद्ध करा. कंटाळवाणं आहे, प्रत्येक फेरीला पाच-सात दिवस जातात. पण हा वेळ न दिल्याची किंमत पाचव्या पायरीवर दिसेल. शुद्ध झाली की २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर दोन ट्यूब, शक्यतो वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये.

पायरी ४: प्रजातीची खात्री

ग्राम पॉझिटिव्ह, वाकड्यातिकड्या, कधी फाटे फुटल्यासारख्या काड्या. टाइप ३ मध्ये लांब तंतू दिसतात, त्याच्या उपप्रजातीचं नाव त्यावरूनच आलं. कॅटलेज पॉझिटिव्ह, इंडोल पॉझिटिव्ह. इंडोल महत्त्वाचा, कारण त्वचेवरचे त्याचे चुलतभाऊ, क्युटिबॅक्टेरियम ग्रॅन्युलोसम आणि अ‍ॅव्हिडम, इंडोल निगेटिव्ह असतात. तुमच्या आवाक्यात मॅल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) असेल तर काम काही मिनिटांचं. पण मॅल्डीने प्रजाती दिली म्हणून घराणंही मिळालं असं नव्हे. त्यासाठी खास जमवलेला संदर्भसाठा लागतो आणि रोजच्या वापरातल्या यंत्रात तो सहसा नसतो.

ब्लड अगारवर रक्त विरघळवणं हा फुकटचा इशारा आहे. टाइप १ चे बरेच स्ट्रेन कॉलनीभोवती स्वच्छ कडं करतात, टाइप २ आणि ३ सहसा करत नाहीत. इशारा म्हणूनच घ्या, निकाल म्हणून नाही.

पायरी ५: डीएनए आणि सहा प्रायमर-जोड्यांची पीसीआर

या जंतूची भिंत जाड आहे. ई. कोलायसारखं पाण्यात उकळून काम भागवायला गेलात तर जेलवर कधी बँड (डीएनएची पट्टी) येईल, कधी नाही. लायसोझाइममध्ये तासभर, मग शक्य असल्यास बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून फोडा आणि त्यानंतर नेहमीचं किट.

आता घराणं. २०१५ मध्ये छापलेली मल्टिप्लेक्स टचडाउन पीसीआर (पीसीआर म्हणजे डीएनएचे ठरावीक तुकडे अनेक पटींनी वाढवणं) आपल्यासारख्या लॅबसाठी वरदान आहे. एकाच ट्यूबमध्ये सहा जोड्या प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे), सहाही घराणी एका जेलवर. टचडाउन म्हणजे प्रायमर चिकटण्याचं तापमान सुरुवातीला चढं ठेवून चक्रागणिक थोडं थोडं उतरवायचं, म्हणजे भलतीकडे चिकटणारे प्रायमर आधीच गळतात.

जेल वाचायचं कसं? सहा लक्ष्यं अशी: १६एस सगळ्यांत येतो, तो तुमचा ‘पीसीआर चालली’ याचा पुरावा. एटीपीएज येतो आयए१, आयए२ आणि आयसीमध्ये. सॉड-ए येतो आयए२ आणि आयबीमध्ये. एटीपी-डी फक्त टाइप २ मध्ये, रेक-ए फक्त टाइप ३ मध्ये आणि फिक टॉक्सिनचं जनुक फक्त आयसीमध्ये. म्हणजे:

१६एस आणि एटीपीएज: आयए१.
१६एस, एटीपीएज आणि सॉड-ए: आयए२.
१६एस आणि सॉड-ए: आयबी.
१६एस, एटीपीएज आणि फिक: आयसी.
१६एस आणि एटीपी-डी: टाइप २.
१६एस आणि रेक-ए: टाइप ३.

हे फळ्यावर लिहून मी विद्यार्थ्यांना एक कोडं घालते. ट्यूबमध्ये चुकून आयए१ आणि आयबी यांचं मिश्रण गेलं तर जेलवर काय दिसेल? एटीपीएज एकाकडून, सॉड-ए दुसऱ्याकडून. म्हणजे हुबेहूब आयए२! वर म्हटलेली शुद्ध करण्याची आळस केलेली फेरी इथे भूत होऊन उभी राहते. पिंपळगावच्या त्या विद्यार्थ्याला पहिल्या तुकडीत अकरापैकी पाच आयए२ मिळाले. तो उड्या मारत होता. आम्ही ग्लिसरॉलमधून पाचही पुन्हा रेघाटले, प्रत्येकातून सहा-सहा कॉलन्या घेतल्या. चारांमध्ये काही कॉलन्या आयए१ निघाल्या, काही आयबी. खरा आयए२ एकच.

उलटी चूकही होते. सॉड-एचा बँड अशक्त पडला तर आयए२ हा आयए१ म्हणून खपतो, एटीपीएज पडला तर तोच आयबी दिसतो. म्हणून प्रत्येक जेलवर ओळखीचे स्ट्रेन हवेतच. एटीसीसी या अमेरिकेतल्या संग्रहातला ६९१९ हा आयए१, एटीसीसी ११८२८ हा टाइप २. जिनोम (सगळा डीएनए) पहिल्यांदा वाचला गेला तो केपीए१७१२०२, हा आयबी. सगळे मिळणार नाहीत. चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातला १९५१ क्रमांकाचा स्ट्रेन भारतात बहुतेक सगळे वापरतात, तोही घ्या. मात्र त्याचं घराणं स्वतःच्या जेलवर स्वतः पाहून मगच त्याला साक्षीदार करा.

पायरी ६: एसएलएसटी आणि एमएलएसटी

घराणं कळलं, आता घर. आयए१ मध्येच अनेक वंश आहेत आणि मुरुमांशी नातं सगळ्यांचं सारखं नाही.

हातात पैसे कमी असतील तर एसएलएसटी करा. २०१४ मध्ये मांडलेली ही पद्धत एकच ४८४ अक्षरांचा तुकडा वाचते. स्ट्रेनागणिक पुरेसा बदलणारा तुकडा जिनोममधून शोधून काढलेला आहे. पीसीआर करा, दोन्ही बाजूंनी सँगर सीक्वेन्सिंगला पाठवा, आलेला क्रम यादीशी जुळवा. उत्तर अक्षर आणि आकड्यात येतं, उदाहरणार्थ ए१, एच१, के२. ए ते ई म्हणजे आयए१, एफ म्हणजे आयए२, जी म्हणजे आयसी, एच म्हणजे आयबी, के म्हणजे टाइप २, एल म्हणजे टाइप ३. मल्टिप्लेक्सचं उत्तर आणि एसएलएसटीचं अक्षर जुळत नसेल तर कोणतं खरं यावर वाद घालू नका, ट्यूबची अदलाबदल आधी तपासा. दहात नऊ वेळा तेच असतं.

एमएलएसटीत (एकाऐवजी अनेक जनुकं वाचून प्रकार ठरवण्याच्या पद्धतीत) मात्र एक खड्डा आहे, त्यात मीही पडले आहे. दोन स्वतंत्र योजना चालतात. डेन्मार्कमधल्या आर्हूसची नऊ जनुकांची आणि बेलफास्टची आठ जनुकांची. दोन्हींत वंशांच्या गटांना ‘सीसी’ लावून क्रमांक देतात आणि ते क्रमांक आपापल्या रांगेतले आहेत. आर्हूसचा सीसी१८ आणि बेलफास्टचा सीसी१ अशी नावं एका तक्त्यात मिसळलीत की सगळा पिठलं-भात होतो. रस्त्यांचे क्रमांक दोन नगरपालिकांनी वेगवेगळे घातले तर पोस्टमन कुठे जाईल? निबंधात प्रत्येक ठिकाणी योजनेचं नाव लिहा. बेलफास्टची योजना पबएमएलएसटी या ऑनलाइन संग्रहावर आहे, तिथे क्रम टाकला की क्रमांक मिळतो.

पायरी ७: पूर्ण जिनोम, जमलं तर

याचा जिनोम साधारण २५ लाख अक्षरांचा. शंभर पट वाचायचा म्हणजे २५ कोटी अक्षरं, आजच्या यंत्रांपुढे किरकोळ. नाशिकमध्ये बसूनही हे होतं, डीएनए पुण्याला किंवा बंगळुरूला कुरिअरने जातो.

डेटा आला की झाड (वंशवृक्ष) काढायची घाई करू नका. आधी दोन आकडे बघा. एकूण लांबी आणि जी-सीचं (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण. अ‍ॅक्नेसचं जी-सी ६० टक्क्यांच्या आसपास असतं, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचं ३२ च्या. गंमत अशी की दोघांचा जिनोम जवळपास तेवढाच, पंचवीस लाखांचा. त्यामुळे जोडणी ५० लाखांची आली आणि जी-सीच्या आलेखाला उंटासारखी दोन मदारं दिसली, तर तुमच्या ट्यूबमध्ये पाहुणा आहे. आमच्या एका तुकडीत हे झालं. सीक्वेन्सिंग करणाऱ्यांनी ‘क्वालिटी पास’ असा शिक्का मारून पाठवलं होतं, आणि यंत्राच्या दृष्टीने ते खरंही होतं. अक्षरं स्वच्छ वाचली होती, फक्त दोन जंतूंची.

आकडे ठीक असतील तर स्पेड्सने जोडणी, बाक्टाने जनुकांची नावं, पॅनारूने सामायिक जनुकं, आयक्यू-ट्रीने झाड. झाडात ओळखीचे संदर्भ जिनोम घाला, म्हणजे फांद्यांना नावं देता येतात. मग बघण्यासारखं बरंच असतं. काही मुरुमवाल्या वंशांत चिकटण्याच्या जनुकांचा गट असलेला सरळ, गोल नसलेला प्लाझ्मिड (मुख्य डीएनएपासून वेगळा छोटा तुकडा) सापडतो. टाइप २ मध्ये क्रिस्पर (विषाणूंपासून बचावाची यंत्रणा) असतं. २३एस या जनुकामधले बदल बघा, क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिनला न जुमानणं त्यातून येतं.

मला स्वतःला सर्वांत रोचक वाटतो तो हायलुरोनेट लायेज. त्वचेतल्या पेशींमधला हायलुरोनिक आम्लाचा गारा तोडणारं हे विकर. आयए१ कडे एक नमुना, आयबी आणि टाइप २ कडे दुसरा. दुसरा नमुना साखळीचे पार दोन-दोन मण्यांचे तुकडे करतो. आयए१ चा मात्र अर्धवट तोडतो, मध्यम लांबीचे तुकडे शिल्लक ठेवतो आणि असे तुकडे शरीराला धोक्याची घंटा वाटतात, सूज वाढते. प्रजात तीच, जनुकाचं नाव तेच, करणी वेगळी.

वाढवायचंच नसेल, थेट त्वचेच्या डीएनएवरून काम करायचं असेल, तर एकच सांगते: १६एसचा व्ही४ हा लोकप्रिय भाग त्वचेसाठी घेऊ नका. क्युटिबॅक्टेरियम त्यात नीट पकडला जात नाही. व्ही१ ते व्ही३ घ्या. आणि त्यातून घराणं मिळत नाही, त्यासाठी एसएलएसटीचाच तुकडा थेट नमुन्यातून वाढवावा लागतो.

पायरी ८: अर्थ लावताना

आयए१ सापडला म्हणून मुरूम त्याने केले, असं लिहू नका. तो स्वच्छ चेहऱ्यांवरही राहतो. मुरुमांत दिसतं ते असं की विविधता घटते आणि आयए१ चा वाटा चढतो. आधी घटली मग मुरूम आले, की तेल वाढलं म्हणून दोन्ही झालं, हे एका वेळच्या स्वॅबवरून ठरत नाही. तेच रुग्ण तीन महिन्यांनी पुन्हा बघणं, हे शंभर नवे रुग्ण जमवण्यापेक्षा जास्त सांगतं.

फिकट डागांच्या बाबतीत प्रत्यक्ष फायदा दिसतो. तरुण मुलामुलींच्या पाठीच्या मध्यावर, पोटावर, खवले नसलेले अस्पष्ट फिकट डाग आले की आपल्याकडे ‘शिबं’ म्हणून बुरशीची मलमं महिनोन्‌महिने चालतात. वूड्‌स या अतिनील दिव्याखाली त्या डागांतल्या छिद्रांत लालसर ठिपके चमकले, तर डॉक्टरांच्या मनात हायपोमेलॅनोसिस येतो. अशा डागातून नमुना घ्याल तेव्हा शेजारच्या चांगल्या त्वचेतूनही घ्या, टाइप ३ चं प्रमाण दोन्हींत मोजा.

सांध्याच्या नमुन्यात प्रश्न वेगळाच असतो: हा जंतू आत होता की शस्त्रक्रियेच्या वेळी कातडीवरून पडला? एकाच शस्त्रक्रियेतले पाच तुकडे वेगवेगळे वाढवले आणि चारांत एकच एसएलएसटी प्रकार निघाला, तर संसर्गाचं पारडं जड. एकात आयए१, एकात टाइप २, बाकी कोरे, तर बहुधा कातडीवरचा पाहुणा. घराणं ओळखण्याचा हा सर्वांत कामाचा उपयोग आहे असं माझं मत आहे, मुरुमांपेक्षाही. हेच तर्कशास्त्र स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसलाही लागू पडतं. त्याची सात जनुकांची एमएलएसटी आहे आणि रुग्णालयांतला कुविख्यात एसटी२ हा प्रकार त्यातूनच ओळखला जातो.

रुग्णाला काय सांगायचं? टाइप सांगू नका. आज मुरुमांचं औषध टाइप बघून बदलत नाही आणि “माझ्यात वाईट जंतू आहे” म्हणून पोर दिवसातून आठ वेळा तोंड धुवायला लागतं.

शेवटचं: नोंद

ट्यूबवर रुग्णाचं नाव नको, कोड हवा. कोडची यादी कुलुपात. वहीत माणूस, जागा, छिद्र, माध्यम, दिवस, कॉलनी क्रमांक, शुद्धीच्या फेऱ्या, घराणं, एसएलएसटी आणि औषधं. प्लेटा ऑटोक्लेव्हमधून काढूनच कचऱ्यात, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रंगांच्या पिशव्यांत.

आणि वेगळा काही स्ट्रेन मिळाला तर फ्रीजरमध्ये कुजवू नका, पुण्याच्या एनसीएमआरसारख्या राष्ट्रीय संग्रहाकडे द्या. आमचा तो एकमेव खरा आयए२ आम्ही पाठवायला काढला, तेव्हा अर्जातल्या ‘कुठून मिळवला’ या रकान्याशी विद्यार्थी अडला. “मॅडम, मानवी कपाळ, नाशिक असं लिहिलंय. पण कपाळ पिंपळगावचं आहे.” मी म्हटलं, “तुझंच आहे का?” तो हसला, आणि नाशिक खोडून पिंपळगाव बसवंत लिहिलं.